कोरडवाहू अंगणातील साल्व्हिया



वसंत ऋतू फुलांचा, असे आपण पुस्तकांत वाचतो. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या गावी ते खरे असेल. आपल्या जालन्यात मात्र चैत्र उजाडेपर्यंत पळस फुलून गेलेला असतो, उन्हाचा पारा चाळिशीकडे धावू लागतो, आणि थंडीभर दारापुढे डुललेल्या कुंड्या एकेक करून माना टाकतात. म्हणजे वसंत व्याख्यानमालेत फुलांवर बोलायचे, ते नेमके फुले करपण्याच्या दिवसांत. पण यात वावगे काही नाही. पाऊस यायच्या आधी छप्पर शाकारतात. तसाच थंडीतल्या बागेचा विचार उन्हाळ्यात करून ठेवावा, म्हणजे वेळेवर धावाधाव होत नाही.

माझा धंदा कामगार संघटनेचा. वनस्पतिशास्त्र मी कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. वाचनालयातली पुस्तके, रोपवाटिकांतले माळी आणि कामगार वस्तीतली अंगणे, एवढीच माझी शाळा. त्या शाळेत एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो. मार्गशीर्षात हातगाडीवर लालभडक साल्व्हियाची रोपे येतात. भट्टीवरून सुटलेला एखादा कामगार पगाराच्या दिवशी दोन रोपे घरी नेतो. तीन आठवड्यांत पाने पिवळी पडतात, फुले झडतात, महिनाभरात काडी उरते. मग घरातले म्हणतात, "आमचा हात फुलांना लागत नाही." सोळाशे अंश उष्णतेचा पोलादाचा रस ओतणाऱ्या हाताला एक रोप जगवता येत नाही, हे मला पटत नाही. रोप मेले याला कारणे असतात, आणि ती कळण्याजोगी असतात. हाताच्या गुणावर ती ढकलली की विचार थांबतो. म्हणून आज साल्व्हिया म्हणजे काय, आपल्या भागात त्यातला कोणता निवडावा आणि तो कसा वाढवावा, हे उलगडून सांगण्याचा विचार आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. साल्व्हियाची कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि पुढची जोडी मागच्या जोडीला आडवी असते. फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात. आता ही खूण घेऊन दारच्या तुळशीपाशी जा. तीच चौकोनी काडी, तीच पानांची जोडी, तेच दोन ओठांचे बारीक फूल. पुदिना, मारवा, सब्जा, पानओवा, महादेवाला वाहतात तो पांढरा तुंबा, आणि गावकुसाबाहेर उगवणारी नारिंगी झुबक्यांची दीपमाळ ही सगळी याच गोतातली. साल्व्हिया परदेशी पाहुणा खरा, पण तो आपल्या तुळशीच्या भाऊबंदांतला आहे. आणि या जातीतला एक भाऊ तर इथलाच. साल्व्हिया प्लेबेया नावाचा साधा, बारीक फुलांचा प्रकार भारतात ओलसर जागी तणासारखा उगवतो. त्याला कोणी कुंडीत लावत नाही, एवढेच.

साल्व्हिया हे नाव रोमन लोकांचे. बरे असणे, निरोगी असणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ते आले. कारण भूमध्य समुद्राकाठचा जो मूळ साल्व्हिया, ज्याला इंग्रज लोक सेज म्हणतात, तो घरगुती औषधात वापरीत. लिनिअस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात हेच नाव शास्त्रीय नाव म्हणून पक्के केले. आज या एका नावाखाली सुमारे एक हजार जाती मोजल्या जातात. पुदिन्यातुळशीच्या कुळात एवढी मोठी दुसरी प्रजाती नाही. २०१७ साली तर शास्त्रज्ञांनी रोजमेरीलाही या प्रजातीत आणून बसवले.

यातली एक जात आपण अलीकडे खाऊही लागलो आहोत. दुकानात चिया म्हणून जे बी मिळते ते साल्व्हियाचेच, शास्त्रीय नाव साल्व्हिया हिस्पानिका. हिस्पानिका म्हणजे स्पेनचा. पण झाड मेक्सिकोकडचे. स्पेनमार्गे युरोपात आले म्हणून नाव असे पडून राहिले. आपल्याकडे वाशीम जिल्ह्यातले शेतकरी गेल्या काही वर्षांत रब्बीत त्याचे पीक घेऊ लागले आहेत. पुष्कळ लोक चिया आणि सब्जा एकच समजतात. सब्जा हे तुळशीच्या एका जातीचे बी. ते काळेभोर असते व पाण्यात टाकताच काही मिनिटांत फुगते. चियाचे दाणे करडे, ठिपक्याठिपक्यांचे असतात आणि सावकाश फुगतात. दोन्हींना पाणी लागले की भोवती बुळबुळीत थर धरतो. बागेतल्या बऱ्याच साल्व्हियांच्या बियांचाही स्वभाव असाच आहे, आणि पेरणीच्या वेळी तो ध्यानात ठेवावा लागतो. त्याकडे पुढे येऊच.

आता फुलाची रचना. माझे आयुष्य यंत्रांपाशी काम करणाऱ्या माणसांत गेले, म्हणून की काय, मला साल्व्हियाच्या रंगापेक्षा त्याच्या आतल्या यंत्राचे कौतुक अधिक वाटते. तुळशीच्या फुलात पुंकेसर चार. साल्व्हियात कामाचे फक्त दोन. पण या दोघांची बांधणी तरफेसारखी आहे. प्रत्येक केसराच्या डोक्यावर एक लांब दांडी आडवी बसवलेली असते. दांडीच्या वरच्या टोकाला परागाची पिशवी. खालचे टोक फुलाच्या घशाशी आडवे, वाट अडवून. मधमाशी खालच्या ओठाच्या ओट्यावर उतरते, मधासाठी डोके आत घालते, खालचे टोक ढकलले जाते, आणि वरचे टोक खाली झुकून तिच्या पाठीवर पराग टेकवते. माशी मागे सरली की दांडी पुन्हा जागेवर. पुढे फूल थोडे जून झाले की त्याचा स्त्रीकेसर लांबून खाली वाकतो; आता दुसऱ्या फुलाचा पराग पाठीवर घेऊन आलेली माशी त्याला घासून जाते. आपले पराग आपल्याच फुलात पडू नयेत याची ही तजवीज. बहुतेक साल्व्हियांत ही तरफ या ना त्या रूपात सापडते.

ही गोष्ट जगाला नीट समजावून सांगितली ती स्प्रेंगेल नावाच्या जर्मन शाळामास्तराने. १७९३ साली त्याने फुले आणि कीटक यांच्या नात्यावर मोठे पुस्तक लिहिले. रंग, सुवास, मध हे सारे माणसाच्या करमणुकीसाठी नाही, कीटकाला कामावर बोलावण्यासाठी आहे, असे त्याने दाखवले. त्या काळच्या विद्वानांनी त्याला जवळ केले नाही. पुढे डार्विनने त्याच्या निरीक्षणांचे मोल ओळखले. पण ते दिवस पाहायला स्प्रेंगेल उरला नव्हता. कामाचे श्रेय वेळेवर मिळत नाही, हे दुखणे फक्त कारखान्यांत नाही, असे त्याचे चरित्र वाचताना वाटते.

आता सगळे साल्व्हिया माशीसाठी बनलेले नाहीत. बाजारात दिसणारा लालभडक साल्व्हिया, साल्व्हिया स्प्लेंडेन्स, मूळ ब्राझीलचा. तिकडे फुलापुढे हवेत तरंगत मध पिणारे चिमुकले गुंजनपक्षी असतात; हे फूल त्यांच्यासाठी. म्हणून त्याची नळी लांब आणि खालचा ओठ आखूड, माशीला उतरायला ओटाच नाही. आपल्याकडे गुंजनपक्षी नाहीत, पण शिंजीर आहे. सकाळी आठच्या सुमाराला लाल साल्व्हियापाशी थोडे शांत उभे राहावे; जांभळा शिंजीर काडीला लटकून चोच घालताना दिसतो. मुलेही ही नळी उपसून बुडाचा गोड थेंब चोखतात. फवारणी केलेली नसेल तरच त्यांना तसे करू द्यावे.

या फुलाची आणखी एक गंमत. खरी लाल नळी दोनचार दिवसांत गळून पडते. तरी तुरा लालच दिसतो, कारण तिच्या बुडाची वाटीही लाल असते आणि ती पुष्कळ दिवस टिकते. म्हणूनच नगरपालिकांच्या बागांनी, रेल्वे स्थानकांनी आणि प्रदर्शनांनी या जातीला एवढे डोक्यावर घेतले. लांबून पाहणाऱ्याला महिनाभर फुललेला गालिचा दिसतो.

आता निवडीचा मुद्दा. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आगेमागे, तोही चार महिन्यांत, आणि तोही भरवशाचा नाही. जमीन बहुतेक काळी, चुनखडीची. उन्हाळा कोरडा आणि कडक. या तीन गोष्टी समोर ठेवून अंगणासाठी चार साल्व्हिया विचारात घ्यावेत.

पहिला, हाच लाल स्प्लेंडेन्स. तो देखणा आहे, पण लाडका लेक आहे. त्याला गारवा, ओल आणि दुपारची सावली लागते. आपल्याकडे तो थंडीचा पाहुणा समजावा. पूर्वेकडचे अंगण, दहा वाजेपर्यंतचे ऊन, आणि रोज थोडे पाणी देण्याची तयारी असेल तरच आणावा. होळीनंतर त्याला जगवण्याचा हट्ट धरू नये.

दुसरा, साल्व्हिया कॉक्सिनिया. हाही लालच, पण तुरे विरळ, फुले सुटी सुटी, झाड दोनतीन फूट उंच आणि जरा रानवट. अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेला हा साल्व्हिया ऊन खातो, पाण्याची ओढ सोसतो, आणि स्वतःचे बी स्वतः सांडून पुढच्या पावसात आपोआप उगवतो. रोपवाटिकेत तो क्वचित दिसतो, कारण कुंडीत तो डौलदार वाटत नाही आणि एकदा घरात आला की गिऱ्हाईक परत यायची गरज उरत नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील साध्या माणसाने पहिला साल्व्हिया लावावा तो हा. गुलाबी आणि पांढऱ्या फुलांचे प्रकारही यात मिळतात.

तिसरा, निळा साल्व्हिया, म्हणजे साल्व्हिया फॅरिनेशिया. हा टेक्सास आणि मेक्सिकोच्या बाजूचा. नावाचा अर्थ पिठाळ. देठावर आणि वाटीवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते, तिच्यावरून हे नाव पडले. फूट दीड फूट उंचीचे निळे-जांभळे सरळ तुरे येतात. पूर्ण ऊन मानवते. छाटून ठेवला तर दुसऱ्या वर्षीही फुलतो. झेंडूच्या पिवळ्या रांगेपुढे याची रांग लावली तर दोघेही खुलतात.

चौथा, साल्व्हिया ल्यूकँथा, मेक्सिकोचा. याला झुडूपच म्हणायचे. पाने लांबट, राखी. तुरे जांभळे मखमली, आणि त्या मखमलीतून पांढरे फूल डोकावते. दिवस लहान होऊ लागले की याला कळ्या धरतात, म्हणून दसऱ्यादिवाळीच्या सुमाराला बहर. याला तीन फूट मोकळी जागा हवी. कुंडीत याचे हाल होतात. बिया शोधत बसू नये, फांदीचे कलम सहज लागते.

आणि घेऊ नये तो कोणता? औषधी सेजचे बी हल्ली पाकिटांत विकायला येते. तो भूमध्य समुद्राकाठचा. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे श्रावणात सतत पाणी, दमट हवा आणि चिकट माती मिळून त्याची मुळे कुजतात. हौसेखातर आश्विनात कुंडीत पेरून थंडीपुरता ठेवावा. पहिला प्रयोग म्हणून तो घेतला तर नाउमेद होण्याचीच पाळी येते.

निवडीनंतर माती. काळी माती पिकाला चांगली, पण एकटीच कुंडीत भरली तर वाईट. ओली झाली की फुगून घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेने भेग पडते, आणि घातलेले पाणी त्या भेगेतून थेट बुडाच्या भोकात जाते. वरून घागर ओतावी आणि मुळे कोरडी राहावीत, असा प्रकार होतो. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम असे मिश्रण करावे. तलावाचा गाळ मिळाला तर उत्तमच. पण तोही चिकटच असतो, त्यात मुरूम घालायला विसरू नये. जमिनीत लावायचे असेल तर वाफा वीतभर उंच करावा, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचत नाही.

पाने पिवळी पडण्याचे मुख्य कारण इथेच आहे. पान पिवळे, पण शिरा हिरव्या, आणि ही खूण कोवळ्या पानांवर आधी दिसली, तर झाडाला लोह कमी पडते आहे असे समजावे. जालना हे लोखंडाचे गाव. औद्योगिक वसाहतीत भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या. काळ्या मातीतही लोह भरपूर आहे. तरी झाड लोहासाठी उपाशी, हे कसे? चुनखडीच्या मातीत आणि आपल्या विहिरींच्या जड पाण्यात लोह असे घट्ट बांधले जाते की मुळांना ते विरघळवून घेता येत नाही. कोठार भरलेले आणि दाराला कुलूप, अशी ती स्थिती. पुष्कळ जण कुंडीत गंजके खिळे पुरतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण गंजही तसाच न विरघळणारा. उपाय दोन. तात्पुरता उपाय हिराकसाचा: लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस विरघळवून, थोडे लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारावे, दहाबारा दिवसांनी पुन्हा. कायमचा उपाय म्हणजे पालापाचोळ्याचे खत दरवर्षी मातीत घालणे आणि जमेल तेव्हा पावसाचे पाणी देणे. लाल स्प्लेंडेन्सला हा त्रास फार. कॉक्सिनियाला कमी.

आता पेरणी. स्प्लेंडेन्स आणि निळा साल्व्हिया यांचे बी गणपती उठले की पेरावे, घटस्थापनेपर्यंत पेरून संपवावे. पसरट कुंडी घ्यावी, वर चाळलेली माती आणि बारीक शेणखत. माती आधी भिजवावी आणि मग बी वर पसरावे. स्प्लेंडेन्सच्या बियाला उगवायला उजेड लागतो. ते मातीखाली गाडू नये, नुसते हलके दाबावे. बी रात्रभर पाण्यात भिजत घालण्याची सवय इथे सोडावी. मघाशी सांगितलेला बुळबुळीत थर बियाला मातीशी चिकटवतो आणि ओल धरून ठेवतो. भिजवून हातात घेतले तर सगळ्या बियांचा एकच गोळा होतो. वरून झारीने पाणी घातले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. त्यापेक्षा कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी, खालून ओल चढू द्यावी. दहापंधरा दिवसांत रोपे दिसतात. सतत चिंब ठेवली तर ती बुडाशी काळी पडून कोलमडतात. तेव्हा वरची माती जराशी सुकली की मगच पाणी.

चारसहा पाने आली, म्हणजे दसरा-कोजागिरीच्या सुमाराला, रोपे संध्याकाळी लावावीत. दोन रोपांत वीत दीड वीत अंतर. रोप रुजले की मधला शेंडा नखाने खुडावा. नव्या माणसाचे मन इथे धजत नाही. पण शेंडा खुडला की बगलेतून दोन फांद्या फुटतात, आणि एका तुऱ्याच्या जागी चार मिळतात. पहिला बहर ओसरला की वाळके तुरे कापून टाकावेत, थोडे कुजलेले खत द्यावे. झाड पुन्हा फुलावर येते. अशा रीतीने केलेली बाग मार्गशीर्षापासून होळीपर्यंत चालते. कॉक्सिनियाला एवढे पंचांग लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की बी फेकावे, तो आपले पाहून घेतो.

ल्यूकँथाची फांदी पावसाळ्यात लावावी. वीतभर लांबीचा, न फुललेला, अर्धवट जून तुकडा घ्यावा, खालची पाने काढावीत, वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचावा. तीनचार आठवड्यांत मुळे धरतात. बहर संपल्यावर झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे.

रोगकिडीचे थोडक्यात सांगतो. उन्हाळा तापू लागला की पानाच्या पाठीवर लाल कोळी येतो. पान फिक्या ठिपक्यांचे आणि धुळकट दिसते. सकाळी पानाच्या पाठीवर पाण्याचा फवारा मारला तरी तो बराच आटोक्यात राहतो. मावा आणि पांढरी माशी यांच्यासाठी निंबोळी अर्क पुरे. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवावी, गाळून थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावी. फुलांवर दिवसा काही फवारू नये. माशी आणि शिंजीर यांच्या कामाची ती वेळ.

आता पाण्याचा प्रश्न. तो टाळून जालन्यात फुलांवर बोलणे म्हणजे थट्टा होईल. २०१२-१३ चा दुष्काळ आपण सर्वांनी भोगला आहे. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लेकरांसारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. त्या उन्हाळ्यात एका वस्तीत सभेनंतर माझ्या बोलण्यात कुंड्यांचा विषय निघाला. एक मावशी घागर कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, माणसाला पाणी नाही, अन् तुम्ही फुलाला घाला म्हणता?" सभेत माणसे गप्प झाली. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि तो आजही बरोबर आहे.

हिशेब मांडून पाहा. वीस कुंड्या, उन्हाळ्यात कुंडीमागे रोज एक लिटर, म्हणजे रोज वीस लिटर, महिन्याला सहाशे लिटर. ज्या घरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, त्या घरात हे सहाशे लिटर कोणी तरी डोक्यावरून आणलेले असते. आणि ते बहुधा घरातली बाईच आणते. फुलांची हौस एकाची आणि घागर दुसऱ्याची, ही बाग मला मान्य नाही. म्हणून मी नियम धरला आहे. पिण्याजोगे पाणी फुलझाडाला घालायचे नाही. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले, हात विसळलेले, कुलरच्या टाकीतले असेल तेवढे पाणी, तेवढीच झाडे. सोडा आणि साबणाचे मात्र नको. आपली माती आधीच खारवट वळणाची आहे.

हा नियम घातला की निवड आपोआप ठरते. एका सामान्य घरात स्वयंपाकघराचे असे चारपाच लिटर पाणी रोज निघते. एवढ्यात थंडीत दहाबारा साल्व्हिया सुखाने फुलतात. उन्हाळ्यात स्प्लेंडेन्सला निरोप द्यावा. निळा साल्व्हिया अर्ध्यावर छाटून सावलीत सरकवावा, त्याला दोन दिवसांआड पाणी पुरते. कॉक्सिनिया वाळलाच तर वाळू द्यावा, त्याचे बी मातीत पडलेले असते. कुंडीवर वाळल्या पानांचा किंवा उसाच्या चिपाडाचा दोन बोटे थर ठेवला तर ओल पुष्कळ वेळ टिकते. कुंड्या एकेकट्या न ठेवता गटाने ठेवाव्यात, म्हणजे एकमेकींच्या सावलीत माती कमी तापते. माणसांनाही एकत्र राहून हेच साधते, पण तो विषय वेगळ्या सभेचा.

शेवटी बियांविषयी. जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे बियाण्यांची कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज देशभरचा शेतकरी जालन्याचे बी ओळखतो. संकरित कापसाचे बी कसे बनते हे आपल्यातील पुष्कळांनी शेतात पाहिले असेल. एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचा पराग हाताने लावायचा, आणि हे काम हजारो फुलांवर. माशी जे काम करते ते तिथे मजूर बायांच्या बोटांनी होते. पाकिटातल्या बियाची किंमत मोजताना या बोटांची आठवण ठेवावी.

फुलझाडांच्या पाकिटांतही काही बी असे संकरित असते. त्याच्या झाडाचे बी धरले तर पुढची पिढी आईबापांसारखी निघेलच असे नाही. कोणी उंच, कोणी बुटके, रंग फिका. म्हणून बी घेताना संकरित आहे का साधे, ते विचारावे. कॉक्सिनिया आणि साधा निळा साल्व्हिया यांचे घरचे बी बहुतेक तसेच्या तसे उतरते. ते धरायचेही सोपे. तुळशीच्या मंजिरीत असतात तसेच साल्व्हियाच्या एका वाटीत जास्तीत जास्त चार दाणे असतात. वाटी तपकिरी झाली की तुरा कापून कागदी पिशवीत उलटा टांगावा, आठ दिवसांनी झटकावा. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, कोरड्या डब्यात ठेवावे, आणि पुढच्याच हंगामात पेरावे. स्प्लेंडेन्सचे बी फार दिवस दम धरत नाही.

एका झाडाच्या बियात सबंध गल्ली फुलते. पुडी वळायला वर्तमानपत्राचा तुकडा लागतो, वाटायला पैसा लागत नाही. तेव्हा या पावसाआधी एक करावे. ज्याच्या दारी रानवट लाल साल्व्हिया दिसेल, त्याच्याकडे चिमूटभर बी मागावे. मागायला लाजू नये, आणि पुढच्या वर्षी कोणी आपल्याकडे मागितले तर मोजून देऊ नये. मृग आता महिना दीड महिन्यावर आहे. तेवढ्यात माती चाळून ठेवता येईल.